कालव्याकाठचा शेजार

संडासाच्या फ्लशचा आवाज ऐकून आजवर कुणाचे डोळे भरून आले असतील असं वाटत नाही. मालन धिवारचे आले.

सकाळी ती ओट्यापाशी चहा गाळत उभी होती. डोक्यावरच्या घरात कोणीतरी फ्लश केला आणि भिंतीतल्या पाइपातून पाणी खळखळत खाली गेलं. मालनचा हात थांबला. भास झाला म्हणावं, तर थोड्या वेळाने शेजारच्या घरातूनही तोच आवाज आला, आणि मग त्याच्याही पलीकडून.

"आली बाई माणसं!" ती मोठ्यांदा म्हणाली. एकटीनं राहून राहून तिला स्वतःशी मोठ्यांदा बोलायची सवय लागली होती.

पुण्यातल्या त्या बारा मजली इमारतीत वर्षभराहून जास्त काळ मालन एकटी राहत होती. धरणाचं पाणी बोगद्यातून जाऊ लागलं, तसा शहराच्या पोटातून जाणारा जुना कालवा कोरडा पडला. दोन्ही काठांवर बंद गोदामं, भंगाराचे ढीग, वेड्या बाभळी आणि त्यांच्या आडोशाला मालनची वस्ती, एवढंच उरलं होतं. मग एक कंपनी आली. कालव्यात गुडघाभर स्वच्छ पाणी खेळवलं, काठाने फिरायला रस्ता केला, झाडं लावली आणि तीन इमारती उठवल्या. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. इथेच राहा, इथेच कामाला जा, इथेच बाजार करा, गाडी म्हणून काढायला नको, अशी जाहिरात होती. वस्तीतल्या लोकांना तिसऱ्या इमारतीत घरं मिळाली. मालनची पिठाची गिरणी होती, म्हणून तिला खाली गाळाही मिळाला. नवरा, रघुनाथ, मात्र चावी हातात यायच्या आधीच, तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीतच वारला.

राहायला आल्यावर वर्षाच्या आत वस्ती पांगली. सगळ्यांत आधी हमीदाने घर विकलं, धाकटीच्या लग्नासाठी. मग एकामागून एक सगळेच गेले. ज्यांना ही घरं हवी होती त्यांना ती परवडत नव्हती, आणि ज्यांना परवडत होती त्यांना तिथे राहायचं नव्हतं. भाव चढेल म्हणून घेतलेली घरं कुलपात राहिली. ऑफिसं भरलीच नाहीत, कारण लोक आपापल्या घरून काम करत होते. दुकानांच्या काचांवर 'लवकरच येत आहे' असं लिहिलेलं होतं आणि त्या अक्षरांचा रंग उन्हाने उडत चालला होता. मालनच्या गिरणीत बाहेरच्या दोन खानावळींचं दळण यायचं. टेम्पोवाला पोती टाकून जायचा, पीठ घेऊन जायचा. पूर्वी गिरणीसमोर डब्यांची रांग लागायची, आणि डब्यांपेक्षा गप्पा जास्त दळल्या जायच्या. आता पट्टा फिरायचा, पीठ पडायचं आणि मालन समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसायची.

म्हणून त्या सकाळी तिने थालीपिठाची ताजी भाजणी स्टीलच्या डब्यात भरली, पदर नीट केला आणि वरच्या मजल्यावर गेली.

बेल वाजवली. आत पाणी वाहत होतं.

"अहो, मी खालची गिरणीवाली. मालन. भाजणी आणलीय."

कोणी आलं नाही. अंघोळ चालली असेल, असं समजून ती बाजूच्या दारी गेली. तिथेही तेच. तिसऱ्या दाराशी ती बराच वेळ थांबली. आतून पाण्याचा आवाज येत होता. भांडं नाही, खोकला नाही, टीव्ही नाही. नुसतं पाणी.

इतक्यात टोकाचं दार उघडलं आणि अवजारांची पिशवी खांद्याला लावलेली एक बाई बाहेर आली. तिच्या मागे घर दिसत होतं. रिकामा हॉल, खिडक्यांच्या चौकटींवर अजून तसंच असलेलं प्लास्टिक, आणि उघड्या बाथरूममध्ये फ्रिजएवढी एक पांढरी पेटी. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"तुम्ही राहायला आलात?" मालनने विचारलं.

बाईने डब्याकडे बघितलं, मालनकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"नाही हो मावशी. इथे राहायला कोणीच आलेलं नाही."

तिचं नाव नीरजा साठये. मातीतल्या जंतूंचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. इमारतीखालच्या जमिनीची जबाबदारी कंपनीने तिच्यावर सोपवली होती. मालनने तिला खाली आणून बसवलं, चहा दिला, आणि म्हणाली, "आता सांगा. रिकाम्या घरात पाणी कशाला सोडताय?"

नीरजाने सांगितलं ते असं. कालव्याकाठची ती जमीन म्हणजे काळी चिकणमाती. उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते, पावसाळ्यात फुगते. अशा मातीवर बांधलेलं घर वर्षानुवर्षं वर-खाली होत राहतं आणि शेवटी तडकतं. पाया खडकापर्यंत न्यायचा तर खर्च आवाक्याबाहेर जात होता, कारण इथे खडक फार खोल होता. म्हणून कंपनीने मातीलाच दगड करायचं ठरवलं. मातीत मुळातच काही जंतू असतात. त्यांना युरिया मिळाला की ते तो फोडतात, आणि सोबत चुन्याचं पाणी दिलं तर मातीच्या कणाकणांमध्ये बारीक चुनखडी धरते. जंतूंनी मातीला टाके घातल्यासारखं. मऊ माती हळूहळू दगडासारखी घट्ट होते.

"पण माती दरवर्षी हलते," नीरजा म्हणाली, "आणि टाके उसवतात. म्हणून जंतूंना जिवंत ठेवावं लागतं, रोज खाऊ घालावं लागतं. युरिया कुठून आणायचा? तो तर माणूस रोज फुकट देतो."

मालनला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ती पदर तोंडाला लावून हसली. "म्हणजे आमच्या मुतावर बिल्डिंग उभी आहे?"

"अगदी तसंच," नीरजाही हसली. "प्रत्येक घरातून एक वेगळा पाइप खाली जातो आणि जमिनीचा आपापला तुकडा भिजवतो. माणसं घरात राहतील, घराखालची जमीन घट्ट राहील. कल्पना छान होती. माणसं राहणारच नाहीत, हे कुणाच्या मनातच आलं नाही."

"मग टँकरने ओता की खत."

"ओतलं. एकदम भरपूर दिलं की जंतू पाइपाच्या तोंडाशीच दगड करून बसतात, पुढे काही जातच नाही. थोडं थोडं, थांबून थांबून द्यावं लागतं. म्हणून घराघरात खताचं पाणी सोडणाऱ्या पेट्या बसवल्या, आधी पलीकडच्या दोन इमारतींत. त्यांच्या वेळा आधी गणिताने ठरवल्या, त्यानेही जमलं नाही. उकाड्यात माणूस वेगळा वागतो, पावसात वेगळा. त्याला घाम येतो, तहान लागते, आणि माती बदलते तीही त्याच हवेने. माणसाचं शरीर आणि माती एकाच तालावर चालतात. तो ताल मशीनला शिकवायला एक तरी खरं, राहतं घर लागतं."

नीरजा रिकामा कप बशीत फिरवू लागली. मालनला उरलेलं न सांगताच समजलं.

"माझं घर," ती म्हणाली.

"तुमच्या पाइपाला मीटर आहे. तुम्ही उठलात की थोड्या थोड्या वेळाने सगळ्या पेट्या चालू होतात. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, मावशी."

मालनने रिकामे कप उचलून मोरीत ठेवले. आपण ज्यांच्याकडे भाजणी घेऊन गेलो, ती आपणच होतो, हे तिला नंतर, भांडी घासताना, नीट उमगलं.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. सुरुवातीला तिने गंमत म्हणून करून पाहिलं. एके दिवशी मुद्दाम दुपारपर्यंत संडासात गेली नाही. इमारत गप्प. ती उठून आत गेली, बाहेर येऊन हॉलमध्ये बसली. थोड्या वेळाने वर एक, शेजारी एक, मग माळेतले फटाके लागावेत तसे मजल्यामागून मजले वाहू लागले. तिला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी तेच ऐकताना हसू आलं नाही. तिने कलिंगड जास्त खाल्लं तर ते अख्ख्या इमारतीला कळायचं. तिचा उपास असला की इमारतीचाही उपास. पण तिला ताप आला तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. नुसत्या भिंती तिच्या पाठोपाठ वाहत राहिल्या.

तरीही नीरजा दर आठवड्याला यायची, जमिनीची मापं घ्यायची, आणि जाताना म्हणायची, "मावशी, तुमच्यामुळे सुधारतंय बरं." रघुनाथ गेल्यापासून 'तुमच्यामुळे' हा शब्द मालनने ऐकला नव्हता. तो ऐकायला ती आठवडाभर वाट बघायची.

उन्हाळा सरता सरता वनिता आली. मालनची एकुलती एक लेक. इचलकरंजीला दिली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायला ती आली होती. मालनने डिंकाचे लाडू वळून ठेवले, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांना टाके घातले. घरात दोघींचे आवाज घुमू लागले.

पण पोटुशी बाई ती. घटकेघटकेला तिला आत जावं लागायचं. ती आत जाऊन येते न येते, तोच इमारतीत पाणी सुटायचं. वनिताने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दारात उभी राहून जिन्याकडे कान लावून ऐकत होती.

"आई, हे माझीच नक्कल करतंय ना?"

"अगं, मशीन आहे ते. सवय होते."

"मला नाही व्हायची. मी उठले की सगळी बिल्डिंग उठते, आणि दार उघडून बघावं तर चिटपाखरू नाही. उद्या मला कळा लागल्या आणि तू खाली गिरणीत असलीस, तर मी हाक कुणाला मारू?"

मालनने दार लोटून घेतलं.

"तू चल माझ्याबरोबर," वनिता म्हणाली. "माहेर म्हणजे काय भिंती का? तू असशील तिथे माझं माहेर."

मालनने नीरजाला फोन लावला. नीरजा स्वतः आली. तिने काही लपवलं नाही. पावसाळा तोंडावर होता, आता माती फुगणार होती. मशीनने हा एक पावसाळा शिकून घेतला की पुढे त्याला कुणाची गरज पडणार नव्हती. मध्येच ताल तुटला तर आतापर्यंतचं काम वाया जाण्याची भीती होती.

"मी तुम्हाला थांबा म्हणू शकत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही गेलात तर इथे काय होईल, ते मला सांगता येत नाही."

वनिता आईकडे बघत होती. मालनने खिडकीतून खाली बघितलं. कालव्याचं पाणी, नवी झाडं, आणि ज्या जागी त्यांची खोपी होती तिथे आता बसायचा कट्टा. रघुनाथने पंधरा वर्षं हेलपाटे घालून मिळवलेलं घर. ते खचलं तर?

"मी मागनं येते," ती म्हणाली. "तारखेच्या आधी येते की. तू हो पुढे."

वनिता दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. तिने लाडवांचा डबाही नेला नाही.

तारखेच्या बऱ्याच आधी, भर पावसात, जावयाचा फोन आला. मुलगी झाली. बाळ बारीक होतं, पण रडत होतं. वनिताला फार त्रास झाला होता. मालनने तिला फोन द्यायला सांगितलं.

"वने..."

"झालं सगळं," पलीकडून थकलेला आवाज आला. "सासूबाई होत्या."

एवढंच. मालन फोन हातात धरून मोरीच्या उंबऱ्याशी बसून राहिली. रडू ओसरल्यावर ती संडासात गेली, आणि परत येऊन बसली तेव्हा तिच्या डोक्यावर, शेजारी, पलीकडे, सगळीकडून पाणी वाहू लागलं. सबंध इमारत तिच्या मागोमाग गेली होती, आणि त्यातल्या एकाही घरातून कुणी "काय झालं गं?" म्हणून विचारायला येणार नव्हतं.

ती उठली. दुपटी पिशवीत भरली, लाडू भरले, गॅस बंद केला, गिरणीचं शटर ओढलं.

फाटकाशी नीरजा भेटली. पिशव्या बघून तिला समजलं. ती छत्री धरून रिक्षा मिळेपर्यंत मालनजवळ उभी राहिली.

"बाळ?"

"मुलगी झाली."

"जा तुम्ही. मी बघते इथलं."

"तुम्ही काय बघणार?" मालन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी एकटी किती घरं होऊ, नीरजाताई? घरं आहेत तर माणसं ठेवा. नसतील ठेवायची तर पडू द्या. माझ्या लेकीच्या कळा मी या भिंतींसाठी सोडल्या. मला आता त्यांचं काही सांगू नका."

इचलकरंजीला तिला कुणी टाकून बोललं नाही, आणि तेच जड गेलं. सासूबाई मानाने वागवत होत्या, पाहुण्या बाईला वागवावं तसं. वनिता बाळाला आईच्या मांडीवर द्यायची, पण बोलणं कामापुरतं. घर माणसांनी भरलेलं, दारात यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यात मालनला पुण्यातल्यापेक्षाही जास्त एकटं वाटायचं. तिथे निदान कुणी असून बोलत नाही, असं नव्हतं.

ती बाळाला तेल लावायची, न्हाऊ घालायची, शेक द्यायची. पायांवर पालथ्या घातलेल्या त्या इवल्या जिवाला पाण्याच्या धारेखाली शांत होताना बघायची. एकदा अशीच न्हाऊ घालत असताना वनिता मागे येऊन उभी राहिली.

"मी खूप हाका मारल्या तुला," ती म्हणाली. "दवाखान्यात. टेबलावर."

मालन मागे वळली नाही. हात चालू ठेवले. "माहीत आहे."

"कसं माहीत?"

"मीही मारल्या असत्या."

वनिता खाली बसली आणि बाळाचं डोकं हाताने सावरून धरलं. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. पण त्या दिवसापासून तिने आईला ताटावर वाढताना "अजून घे" म्हणायला सुरुवात केली.

दिवाळीच्या सुमाराला नीरजाचा फोन आला. मालनला तो घ्यावा की नाही असं झालं. घेतला.

मालन गेल्यावर पेट्या जुन्याच दिवसांची सरासरी काढून चालत राहिल्या. हवा बदलली, तशा त्या बदलल्या नाहीत. कालव्याकाठचा रस्ता एका बाजूने बसला, आणि दुसऱ्या इमारतीच्या पायऱ्या भिंतीपासून वीतभर सुटल्या. पडलं काही नाही. पण विमा कंपनीची माणसं येऊन गेली, आणि नीरजाने त्यांना जे होतं ते सांगून टाकलं: इथे माणसं राहिल्याशिवाय जमीन धरणार नाही, आणि मशीन माणसाची जागा घेईल असं मी लिहून देणार नाही. कंपनीने तिला कामावरून काढलं. विमा कंपनीने मात्र ठाम सांगितलं: कुलूपबंद घरांचा विमा उतरवायचा नाही. विमा नाही म्हटल्यावर भावाचं काय होणार, हे घरमालकांना लगेच कळलं. जी घरं ते कुणाला बघायलाही देत नव्हते, ती पडेल भाड्याने द्यायला तयार झाले. अट एकच, की माणसं राहिली पाहिजेत.

"नोकरी गेली तुमची?" मालनने विचारलं.

"दुसरी मिळाली. नागपूरला. तुम्हाला आधी कळवायचं होतं." नीरजा म्हणाली. "तुम्ही रिक्षात बसताना बोललात ना, त्यानंतर मला खोटं लिहिणं जमलं नसतं."

फोन ठेवल्यावर वनिताने विचारलं, "जाणार?"

"तू म्हणशील तसं."

वनिताने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटत राहिली. "जा," ती म्हणाली. "पण या वेळी मी बोलावलं की त्याच दिवशी निघायचं."

"त्याच तासाला," मालन म्हणाली.

ती पुण्याला उतरली तेव्हा दुपार कलली होती. कालव्याच्या कडेला कपडे वाळत घातले होते; जाहिरातीतल्या चित्रात असं काही नव्हतं. इमारतीच्या दाराशी चपलांचा, सायकलींचा पसारा होता. लिफ्टपाशी तिघंचौघं उभी होती. नर्सच्या पांढऱ्या कपड्यातल्या दोन मुली, एक म्हातारा, आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेली एक दमलेली बाई. मालनने एकेकाचा चेहरा बघितला. ओळखीचं कुणीच नव्हतं. हमीदा नव्हती, वस्तीतलं कुणीच परत आलं नव्हतं. म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. त्या भिंतीखालची माती आपण कित्येक महिने धरून ठेवली, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने ते कशासाठी ऐकून घ्यावं?

पिशव्यांवाली बाई मालनच्याच मजल्यावर उतरली. समोरच्याच दाराशी थांबली. मालनचं सामान बघून तिने विचारलं, "नवीन आलात वाटतं?"

मालनच्या ओठांवर बरंच काही येऊन थांबलं.

"हो," ती म्हणाली. "आत्ताच आले."

"बरं झालं. मी लता. एकटं राहायला कंटाळा येतो हो इथे, ओळखीचं कोणी नसतं." बाईने कमरेला चावी चाचपली, ती हाताला लागेना. "जरा धरता का हे? कुठे गेली मेली..."

आणि उत्तराची वाट न बघता तिने दोन्ही पिशव्या मालनच्या हातात दिल्या. पिशव्या जड होत्या. मालन आपलं सामान पायाशी ठेवून, त्या धरून उभी राहिली, आणि बाईला चावी लवकर सापडू नये असं तिला वाटलं.